किती छापायचे? मॅजिकच्या पुरवणी संचांची तीस वर्षे

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाचे पहिले पाच पुरवणी संच डिसेंबर १९९३ ते नोव्हेंबर १९९४ या जेमतेम एका वर्षात बाजारात आले. त्यांच्या छपाईचे आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. ‘अरेबियन नाइट्स’ची सुमारे ५० लाख कार्डे छापली गेली, ‘अँटिक्विटीज’ची दीड कोटी, ‘लेजंड्स’ची साडेतीन कोटी, ‘द डार्क’ची सहा कोटींच्या वर आणि ‘फॉलन एम्पायर्स’ची ३५ कोटींच्या आसपास. अकरा महिन्यांत सत्तर पट. पहिल्या तीन संचांचे न फोडलेले पाकीट आज कोणाकडे निघाले तर त्याची बातमी होते. पाचव्या संचाची पाकिटे पुढे कित्येक वर्षे मूळ दरापेक्षा स्वस्तात मिळत होती.

या संचांवर लिहिणारे बहुधा त्यांतल्या कार्डांवर लिहितात. कोणते कार्ड जोरदार होते, कोणाचे चित्र गाजले, कोणत्या कार्डावर स्पर्धांत बंदी आली, अशी ती चर्चा असते आणि ती रंगतेही. पण तीस वर्षांचा हा सगळा पट समोर ठेवला की मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रत्येक संचाचे नशीब कार्डांच्या बरे-वाईटपणापेक्षा छपाईच्या आकड्याने जास्त ठरवले. त्या पहिल्या वर्षातून कंपनीने जो धडा घेतला तो चुकीचा होता आणि त्याची किंमत खेळणारे अजून मोजत आहेत.

सुरुवात समजून घेतली पाहिजे. रिचर्ड गारफिल्ड हा गणिती. १९९१ मध्ये तो आपला ‘रोबोरॅली’ नावाचा पटावरचा खेळ घेऊन पीटर ॲडकिसनच्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या सिॲटलजवळच्या लहानशा कंपनीकडे गेला. तो खेळ छापणे ॲडकिसनला परवडणारे नव्हते. त्याला हवा होता खेळप्रेमींच्या मेळाव्यात दोन डावांच्या मधल्या वेळात खेळता येईल, खिशात मावेल आणि स्वस्तात छापता येईल असा खेळ. त्यातून मॅजिक जन्मले. दोन खेळाडू, प्रत्येकाचा स्वतः जमवलेला आणि स्वतः रचलेला डेक. त्यातली कार्डे बंद पाकिटांतून विकत घ्यायची, आत काय निघेल ते फोडेपर्यंत कळणार नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये पहिली आवृत्ती आली. तिला आज ‘अल्फा’ म्हणतात. २९५ वेगवेगळी कार्डे, एकूण छपाई सुमारे २६ लाख, छापखाना बेल्जियममधला ‘कार्टा मुंडी’.

दुर्मीळता कुठे तयार होते हे पाहायचे असेल तर छापखान्यातला न कापलेला कागद पाहावा. एका कागदावर ११ आडव्या आणि ११ उभ्या रांगा, म्हणजे १२१ कार्डे बसतात. कॉमन, अनकॉमन आणि रेअर असे तीन निरनिराळे कागद छापले जात. पंधरा कार्डांच्या पाकिटात पहिल्या कागदावरची ११, दुसऱ्यावरची तीन आणि तिसऱ्यावरचे एक. रेअर कार्ड आपल्या कागदावर एकदाच येते आणि त्या कागदातले एकच कार्ड पाकिटात जाते. दुर्मीळता म्हणतात ती एवढीच. अल्फामधल्या प्रत्येक रेअर कार्डाच्या साधारण ११०० प्रती निघाल्या. क्रिस्टोफर रशने चितारलेले ‘ब्लॅक लोटस’ हे त्यांतलेच एक. २०२१ मध्ये त्याच्या उत्तम अवस्थेतल्या, आवरणावर चित्रकाराची सही असलेल्या एका प्रतीला लिलावात पाच लाख डॉलरहून अधिक किंमत आली. रेअरच्या कागदावर काही जागा उरल्या होत्या म्हणून तिथे ‘आयलंड’ हे अगदी साधे कार्ड बसवले होते. त्यामुळे काही गिऱ्हाइकांना रेअरच्या जागी समुद्रातले एक बेट मिळाले.

गारफिल्डचा अंदाज असा होता की माणूस दोन-चार डेक घेईल, मित्रांशी अदलाबदल करेल आणि एखाद्या गावात अमुक कार्ड फक्त एकाकडेच असेल. कोणालाच सगळी कार्डे ठाऊक नसतील आणि त्या अज्ञातातच खेळाची गंमत असेल. डावावर एक कार्ड पणाला लावायचे असा नियमही मूळ खेळात होता, म्हणजे जोरदार कार्डे हातोहात फिरत राहतील. हा अंदाज काही महिनेही टिकला नाही. लोक पाकिटे नाही, पेट्या घेऊ लागले. अल्फा संपली, मग पुढच्या ‘बीटा’ आवृत्तीची सुमारे ७३ लाख कार्डे संपली, डिसेंबरात ‘अनलिमिटेड’ आली तीही पुरली नाही. टंचाई हा त्याच्या रचनेत खेळाचा एक भाग होता. आता ती बाजाराची पहिली अट बनली.

‘अरेबियन नाइट्स’ या भरात आला. हा पुरवणी संच गारफिल्डने एकट्याने रचला. नील गेमनच्या ‘सँडमन’ या चित्रकथामालिकेचा बगदादवरचा पन्नासावा अंक वाचून त्याला ही कल्पना सुचली, असे त्याने सांगितले आहे. ७८ कार्डे, आठ-आठ कार्डांची पाकिटे, ओळख म्हणून कोपऱ्यात वाकडी तलवार. या संचाची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. त्याच्या कार्डांची पाठ वेगळ्या रंगाची ठेवायचे ठरले होते. प्रत्येक पुरवणी हा जवळपास स्वतंत्र खेळ असेल अशी मूळ योजना होती. ऐन वेळी विचार बदलला आणि पाठ जुन्याच रंगाची ठेवली. त्या योजनेची एक खूण राहून गेली. वेगळ्या पाठीच्या खेळाला स्वतःच्या जमिनी (इतर कार्डे खेळायला लागणारी ‘मान’ ही शक्ती पुरवणारी कार्डे) लागतील म्हणून कागदावर मूळ जमिनींची कार्डे घेतली होती. ती काढताना एक ‘माउंटन’ तसेच राहिले आणि छापले गेले.

पाठ एकच राहिली, म्हणून १९९३ चे कार्ड आज छापलेल्या कार्डाशेजारी त्याच डेकमध्ये बसते. खेळ इतकी वर्षे जगला त्याचे एक मोठे कारण हेच. आणि जुने कार्ड कधीच कालबाह्य होत नसल्यामुळे त्याची मागणी खेळाबरोबर वाढत गेली, प्रती मात्र तेवढ्याच राहिल्या. पुढचा सगळा पेच पाठीच्या रंगाच्या या निर्णयात दडलेला होता. निर्णय योग्य होता, यात मला शंका नाही. त्याचे परिणाम मात्र कोणी मोजले नव्हते.

मार्च १९९४ मधल्या ‘अँटिक्विटीज’बद्दल थोडक्यात सांगता येते. ८५ कार्डे. उर्झा आणि मिश्रा या दोन भावांच्या यंत्रयुद्धाची कथा. संच स्कॅफ इलायस आणि त्याच्या सोबत्यांनी रचला. छपाई तिप्पट केली तरी माल आला तसा संपला.

‘लेजंड्स’पाशी मात्र थांबायला हवे. जून १९९४, ३१० कार्डे, पंधरा कार्डांचे पाकीट मिळणारा पहिला पुरवणी संच. स्टीव्ह कोनार्ड आणि रॉबिन हर्बर्ट यांनी रचलेला. दोन-तीन रंगांची कार्डे यात पहिल्यांदा आली, नावागावाचे ‘लेजंडरी’ वीर आणि प्राणी पहिल्यांदा आले. पाच ‘एल्डर ड्रॅगन’ याच संचातले. हौशी खेळाडूंनी पुढे त्या ड्रॅगनांभोवती शंभर कार्डांचा एक वेगळा खेळप्रकार बांधला. तोच ‘कमांडर’. मित्रमंडळीत सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार आज तोच आहे आणि २०११ पासून कंपनी त्यासाठी खास डेक काढते.

‘लेजंड्स’मध्ये रेअर कार्डे १२१, म्हणजे बरोबर एक कागद. साडेतीन कोटी कार्डांची सुमारे २३ लाख पाकिटे होतात. प्रत्येकात एक रेअर धरले तर दर रेअर कार्डाच्या १९ हजारांच्या आसपास प्रती निघतात. सगळ्या जगासाठी, आजपर्यंतच्या आणि यापुढच्या सगळ्या खेळाडूंसाठी १९ हजार. त्यातही वाटपात घोळ झाला. अनकॉमन कार्डांचे दोन गट पडले आणि एका पेटीतल्या सगळ्या पाकिटांत एकाच गटाची कार्डे निघू लागली. ज्याने पेटी घेतली त्याला निम्मी अनकॉमन कार्डे दिसलीच नाहीत. कंपनीला कार्डे बदलून देण्याची योजना काढावी लागली. दुकानदारांना मागणीच्या तुलनेत मूठभर माल मिळत होता आणि पाकिटे छापील किमतीच्या वर विकली जात होती.

नंतरच्या गडबडीचे मूळ या वाटपात आहे. वितरक शंभर पेट्या मागत तेव्हा हातात दहा-वीस पडत. हे दोन-तीनदा झाल्यावर कोणताही व्यापारी जे करेल तेच त्यांनी केले. हव्या असलेल्या मालाच्या पाच-दहा पट मागणी नोंदवायची, म्हणजे कापाकापी होऊन गरजेपुरता माल मिळेल. कंपनीच्या टेबलावर त्यामुळे मागणीचा फुगलेला आकडा येऊ लागला. खरी मागणी किती, हे कोणालाच कळेनासे झाले. ऑगस्टमधला जेस्पर मिरफोर्सचा ‘द डार्क’, ११९ कार्डांचा, अशाच मागणीत खपून गेला.

मग १९९४ चा नोव्हेंबर आला आणि ‘फॉलन एम्पायर्स’च्या वेळी कंपनीने मागणी पूर्ण केली. जेवढ्या पेट्या मागितल्या तेवढ्या पाठवल्या. दहा पट मागणाऱ्याच्या दारात दहा पट माल उतरला आणि बिलही दहा पट आले. कित्येक छोट्या दुकानदारांचे भांडवल त्यात अडकले. पाकिटे स्वस्तात फुंकून टाकण्यावाचून इलाज उरला नाही.

हा संच वाईट होता असे सर्रास म्हटले जाते. मला ते मान्य नाही. १०२ कार्डांचा हा संच रचनेत नेटका आहे. पाच ढासळत्या राज्यांची कथा, प्रत्येक रंगात आतून पोखरणारी दोन टोळकी आणि कॉमन कार्डांना तीन-तीन, चार-चार चित्रे. ‘हिम टू टोराक’ हे कार्ड समोर ठेवा. दोन काळे मान देऊन समोरच्याच्या हातातली दोन कार्डे चिठ्ठी टाकल्यासारखी फेकून द्यायला लावणारे हे कार्ड चार वेगवेगळ्या चित्रांत छापले गेले आणि आजही जुन्या कार्डांच्या स्पर्धांत मानाने खेळले जाते. ‘गॉब्लिन ग्रेनेड’ही तसेच. ‘लेजंड्स’मध्ये यापेक्षा किती तरी टाकाऊ कार्डे आहेत. पण ‘लेजंड्स’चे टाकाऊ रेअर १९ हजार प्रतींचे. ‘फॉलन एम्पायर्स’मध्ये रेअरचा वेगळा कागदच नव्हता. सर्वांत दुर्मीळ कार्डे अनकॉमनच्या कागदावर एकेकदा होती आणि आठ कार्डांच्या पाकिटात त्या कागदावरची दोन कार्डे जात. मघाचाच हिशोब इथे केला तर सर्वांत दुर्मीळ कार्डही सात लाखांच्या घरात जाते. लोकांनी ‘हा संच वाईट’ म्हटले, त्याचा खरा अर्थ ‘हा संच सगळ्यांकडे आहे’ एवढाच होता.

या वर्षातून घ्यायचा धडा सरळ होता. वितरकांशी खरी मागणी ठरवण्याची पद्धत बसवा, छपाई टप्प्याटप्प्याने करा, माल संपला तर पुन्हा छापा. काही अंशी ते झालेही. पण १९९५ मध्ये दुसरे वादळ आले आणि त्याने दिशा बदलली.

नव्या खेळाडूंची संख्या प्रचंड वाढली होती आणि पहिल्या चार संचांतली कार्डे त्यांना मिळत नव्हती. त्यांच्यासाठी १९९५ च्या उन्हाळ्यात ‘क्रॉनिकल्स’ आला. जुन्या चार संचांतली ११६ कार्डे, पांढऱ्या किनारीत पुन्हा छापलेली. किनारीला महत्त्व होते. नवे कार्ड पहिल्यांदा निघते ते काळ्या किनारीत, पुनर्मुद्रण पांढऱ्या किनारीत, असा संकेत इंग्रजी कार्डांपुरता रूढ झाला होता. मूळ प्रत कोणती हे लांबूनही ओळखू येई. खेळणाऱ्यांना ‘सिटी ऑफ ब्रास’ मिळाले, ‘अर्नाम जिन’ मिळाला, एल्डर ड्रॅगन मिळाले. तो जिन तर लगेच स्पर्धांतल्या नामवंत डेकांचा कणा झाला. एखाद्या खेळासाठी याहून चांगली बातमी कोणती असणार?

संग्राहक मात्र खवळले. जुन्या कार्डांचे भाव उतरले. ज्यांनी ती चढ्या भावाने घेतली होती, त्यांत दुकानदारही होते, त्यांना फसवल्यासारखे वाटले. उद्या ‘ब्लॅक लोटस’ही छापाल, मग आम्ही काय धरून ठेवायचे, हा त्यांचा सवाल होता. त्यांचा राग खोटा नव्हता. कंपनीने आधीच्या दोन वर्षांत टंचाईचा फायदा घेतला होता आणि कार्ड म्हणजे ठेवा, अशी समजूत वाढू दिली होती.

‘फॉलन एम्पायर्स’ने एकदा आणि ‘क्रॉनिकल्स’ने दुसऱ्यांदा तोंड पोळल्यावर कंपनी ताकही फुंकून पिऊ लागली. मार्च १९९६ मध्ये तिने एक यादी जाहीर केली. या यादीतली कार्डे खेळाच्या दृष्टीने आहेत तशी पुन्हा कधीही छापणार नाही, असे तिने लिहून दिले. खेळाडू तिला ‘रिझर्व्ड लिस्ट’ म्हणतात. २००२ मध्ये तिच्यातून अगदी जुनी कॉमन आणि अनकॉमन कार्डे काढली गेली आणि १९९९ च्या ‘मर्केडियन मास्क्स’पासूनचे कोणतेही कार्ड यादीत जाणार नाही असे ठरले. चकचकीत फॉइल रूपात छापायला वाव देणारी एक फट होती. २०१० मध्ये तिचा वापर झाला, ओरड झाली आणि ती फटही बुजवण्यात आली. यादीत आज ५७० च्या आसपास कार्डे आहेत.

या यादीने काय केले ते पाहू. ‘टुंड्रा’, ‘अंडरग्राउंड सी’ अशी दहा दुहेरी जमिनींची कार्डे आहेत. दोन रंगांचे मान देणारी, कोणतीही अट नसलेली. स्पर्धेत चालतील अशा रूपात ती शेवटची छापली गेली ती १९९४ च्या ‘रिव्हाइज्ड’ आवृत्तीत. ‘लेगसी’ हा जुन्या कार्डांचा स्पर्धाप्रकार या जमिनींवर उभा आहे. त्यामुळे त्यात नव्याने उतरणाऱ्याला नुसत्या जमिनींवर हजारो डॉलर घालावे लागतात. खेळात हुशारी लागते, सराव लागतो, त्याआधी इतका पैसा लागतो हे मला कधीच पटलेले नाही. २०११ मध्ये कंपनीने ‘मॉडर्न’ हा नवा स्पर्धाप्रकार आणला आणि २००३ च्या आठव्या आवृत्तीपासूनचीच कार्डे त्यात चालतील असे ठरवले. हेतू उघड होता, या प्रकारातले कोणतेही कार्ड पुन्हा छापता यावे. आपल्याच यादीला वळसा घालण्यासाठी कंपनीला अख्खा नवा खेळप्रकार उभा करावा लागला.

वळसा घालणारे आणखीही होते. स्वीडनमध्ये काही मित्रांनी केवळ १९९३-९४ ची कार्डे वापरून खेळायला सुरुवात केली. ‘ओल्ड स्कूल’ या नावाने तो प्रकार देशोदेशी पसरला. तिथेही पहिला वाद हाच: पुनर्मुद्रित प्रती चालवायच्या का? स्वीडनचे मूळ नियम कडक, अमेरिकेतल्या काही मंडळांचे नियम सैल. घरगुती डावांत लोक सरळ कागदावर छापून घेतलेली बदली कार्डे वापरतात. मैत्रीत ते चालते, अधिकृत स्पर्धेत चालत नाही.

आणि बनावट कार्डे आली. हजारो डॉलरचा कागदाचा तुकडा म्हटल्यावर दुसरे काय होणार! खरे-खोटे ओळखायची रीत शिकून घेण्यासारखी आहे. कार्डाच्या पाठीवर पाच रंगांचे पाच ठिपके असतात. भिंगातून त्यांतला हिरवा ठिपका पाहायचा. खऱ्या कार्डात त्यावर तांबडे बारीक बिंदू एल अक्षराच्या आकारात बसलेले दिसतात. छपाईचे रंग गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या बारीक वर्तुळांत पडलेले दिसतात, अक्षरे मात्र सलग काळी. कार्ड उजेडासमोर धरले की आतल्या निळ्या थरामुळे प्रकाश ठरावीक प्रमाणात आरपार येतो. ही पारख आज जुन्या कार्डांच्या प्रत्येक व्यवहारात करावी लागते. आपल्याकडे जत्रेत किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी सोनेरी पोकेमॉन कार्डे बहुतेक नकलीच असतात, पण त्यांत मुलांचे दहा-वीस रुपये जातात. दुहेरी जमिनीच्या व्यवहारात माणसाचा महिन्याचा पगार जातो.

संग्राहकांची बाजू कोणी मांडली की मुख्य मुद्दा एकच असतो. पुनर्मुद्रण झाले तर मूळ प्रतीची किंमत बुडेल. हा मुद्दा तपासायला पुरेसा पुरावा आता आहे. अल्फामधले ‘बर्ड्स ऑफ पॅराडाइज’ आणि ‘शिव्हन ड्रॅगन’ ही कार्डे यादीत नाहीत. तीस वर्षांत ती कितीतरी वेळा छापली गेली, आजची प्रत थोडक्या पैशांत मिळते. तरीही अल्फातली चांगली प्रत हजारो डॉलरला जाते. पोकेमॉनकडे पाहा. त्या खेळाचा इंग्रजी मूळ संच जानेवारी १९९९ मध्ये याच विझर्ड्स कंपनीने काढला तेव्हा पहिल्या छपाईवर ‘फर्स्ट एडिशन’ हा शिक्का होता, नंतरच्या छपायांवर नव्हता. ‘चॅरिझार्ड’ हे त्यातले गाजलेले कार्ड पुढे अनेकदा आले. २०२१ मध्ये पंचविशीच्या निमित्ताने तर जुन्याच चित्रासह, जुन्याच रूपात आले. शिक्क्याच्या प्रतीला तरीही लाखो डॉलर मोजणारे लोक आहेत. कोनामी कंपनीने २०२३ मध्ये ‘यु-गि-ओह’ या आपल्या कार्डांच्या खेळाचे पहिलेवहिले इंग्रजी संच तसेच्या तसे पुन्हा काढले. आभाळ कोसळले नाही. संग्राहक पहिल्या प्रतीच्या मागे असतो, खेळणारा कार्डाच्या मागे. दोघांना दोन वेगळ्या वस्तू हव्या आहेत आणि छापखाना दोन्ही देऊ शकतो.

उलट उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. जून २०१३ मध्ये ‘मॉडर्न मास्टर्स’ आला, केवळ पुनर्मुद्रणांचा संच. ‘क्रॉनिकल्स’ची आठवण ठेवून छपाई मुद्दाम मर्यादित ठेवली आणि पाकिटाची किंमत नेहमीपेक्षा जास्त. त्यातल्या ‘टार्मोगॉइफ’ या कार्डाचा भाव उतरण्याऐवजी चढला. संचामुळे नवे खेळाडू आले, सगळ्यांना चार-चार प्रती हव्या होत्या आणि छापल्या होत्या थोड्या. पुनर्मुद्रण जपून केले की किमतीही जपल्या जातात, हे तेव्हा दिसले. पण खेळणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

गेल्या पाच-सहा वर्षांत प्रश्नाने रूप बदलले आहे. १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने विझर्ड्स विकत घेतली होती आणि २०२२ मध्ये मॅजिकची वर्षाची उलाढाल एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. पुरवणी संचांची संख्या वाढली. एकाच संचाची साधी पाकिटे, महागडी ‘कलेक्टर’ पाकिटे, थेट घरी येणारे छोटे संच, सगळे एकदम. नोव्हेंबर २०२२ मध्ये बँक ऑफ अमेरिकेच्या विश्लेषकाने कंपनी कार्डे वारेमाप छापून आपलाच खेळ मारते आहे असा इशारा दिला आणि हॅस्ब्रोचा शेअर एका दिवसात दहा टक्क्यांच्या आसपास घसरला. त्याच महिन्याच्या अखेरीस खेळाच्या तिशीनिमित्त बीटाच्या कार्डांची एक आवृत्ती विकायला आली. चार पाकिटे, ९९९ डॉलर. पाठ वेगळी, स्पर्धेत चालणार नाही. १९९३ मध्ये खेळाच्या भल्यासाठी बदलायची टाळलेली पाठ २०२२ मध्ये यादीचा शब्द पाळण्यासाठी बदलण्यात आली. यात ‘ब्लॅक लोटस’ निघत होते, पण ते घेऊन कोणाशी अधिकृत डाव मांडता येत नव्हता. खेळणाऱ्यांना इतकी वर्षे हवे होते ते कार्ड अशा रूपात, अशा किमतीला त्यांच्यासमोर ठेवणे मला मनापासून खटकले.

दुर्मीळता आता छापखान्यात हवी तशी घडवली जाते. २०२३ च्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ संचात ‘द वन रिंग’ या कार्डाची एकच एक विशेष प्रत छापली होती. ती एका पाकिटात निघाली आणि गायक पोस्ट मलोनने ती सुमारे २० लाख डॉलरला घेतली. त्याच कार्डाच्या साध्या प्रती मात्र मुबलक होत्या आणि स्पर्धांत खेळल्या गेल्या. मला ही रचना चांगली वाटते. हौशी श्रीमंताला एकमेव प्रत मिळाली, खेळणाऱ्याला कार्ड मिळाले, कोणाचे काही बिघडले नाही. जून २०२५ मधल्या ‘फायनल फँटसी’ संचाने एका दिवसात २० कोटी डॉलरची विक्री केली असे हॅस्ब्रोने सांगितले. तरीही पाकिटे पुरली नाहीत आणि दुकानांत छापील किमतीच्या वर विकली गेली. पोकेमॉनचेही तसेच. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट दुकानांना कार्डांवरून झालेल्या मारामारीनंतर विक्री थांबवावी लागली. त्या आर्थिक वर्षात पोकेमॉनची सुमारे ९ अब्ज कार्डे छापली गेली होती. आकडा कितीही मोठा असो, पाकीट पुढे चढ्या भावाने विकता येईल असे वाटले की साठेबाज रांगेत पहिला उभा राहतो. माल संपला तर पुन्हा छापणार, हे आधीच आणि स्पष्ट सांगणे हाच त्याच्यावर चालणारा उपाय आहे.

यादी मोडता येणार नाही, कारण तो शब्द आहे, त्यावर विसंबून लोकांनी पैसे घातले आहेत आणि शब्द मोडला तर प्रकरण न्यायालयात जाईल, असे सांगितले जाते. शब्दाचे वजन मी हलके लेखत नाही. पण २००२ मध्ये यादी आखडली आणि २०१० मध्ये कडक झाली, म्हणजे ती बदलता येते हे कंपनीनेच दोनदा दाखवले आहे. प्रश्न पद्धतीचा आहे. १९९५ चा घाव लागला तो आधी कल्पना न देता, एकदम, मोठ्या संख्येने छापल्यामुळे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दहा दुहेरी जमिनी यादीतून बाहेर काढाव्यात. तसे निदान पाच वर्षे आधी जाहीर करावे. नव्या प्रतींवर लांबून ओळखू येईल अशी खूण ठेवावी, पांढरी किनार असली तरी चालेल, पाठ मात्र तीच असावी. त्यांची छपाई बेताने सुरू करून मागणी असेपर्यंत चालू ठेवावी. ज्यांच्याकडे १९९३-९४ च्या प्रती आहेत त्यांच्याकडे त्या राहतीलच, आणि पहिल्या प्रती म्हणून त्यांचा मानही राहील. ‘ब्लॅक लोटस’ आणि त्याच्या जोडीची आठ कार्डे यादीत ठेवायची असतील तर खुशाल ठेवावीत. ती बहुतेक सर्व स्पर्धाप्रकारांत बंद आहेत आणि त्यांच्यावाचून कोणाचा खेळ अडत नाही. जमिनींवाचून अडतो.